अर्जात नसलेला रकाना

यवतमाळ,
जानेवारीचा शेवटचा आठवडा

चि. भाऊस,


तुझा निरोप मिळाला. खाण वाढवायची म्हणून जनसुनावणी लागली आहे, गावातून चौघांनी बोलायचं ठरलं आहे, आणि जमीन, मोबदला, नोकरी हे विषय बाकीच्यांनी घेतल्यावर हवा तुझ्या वाट्याला आली आहे, एवढं समजलं. तू विचारलंस, "ताई, धुळीधुरानं माणसाचं आयुष्य कमी होते असं मी उभं राहून म्हटलं, अन् साहेबानं किती कमी होते असं विचारलं, तर काय सांगू?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर आहे. फोनवर ते पुरतं झालं नसतं म्हणून लिहायला बसले. नीट वाच आणि सौ.लाही वाचायला दे, कारण यातला बराच भाग तिच्या स्वयंपाकघराचा आहे.

आधी वर्षांचा हिशेब कुठून आला ते सांगते. चीनमध्ये हुआई नावाची नदी आहे. तिच्या उत्तरेकडच्या शहरांना थंडीत घरं गरम ठेवायला तिथल्या सरकारनं वर्षानुवर्षं कोळसा फुकट पुरवला, दक्षिणेकडे पुरवला नाही. दोन्हीकडची माणसं तशी सारखी, फरक हवेचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तरेकडचं आयुर्मान दक्षिणेपेक्षा साधारण ३.१ वर्षांनी कमी निघालं. शिकागो विद्यापीठातले मायकेल ग्रीनस्टोन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यावरूनच जगभरासाठी एक गणित बसवलं. हवेतले अतिसूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते वर्षाच्या सरासरीत घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमनं वाढले आणि तसेच राहिले, तर आयुर्मान ०.९८ वर्षानं, म्हणजे जवळजवळ एका वर्षानं घटतं. आपल्या वर्धा नदीवर अशी तुलना करायची सोय नाही. तिच्या दोन्ही काठांना कोळसाच आहे.

आता हे आपल्याला लावून बघ. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाची मर्यादा, २००९ मध्ये ठरलेली, आहे ४०. मधला फरक ३५ चा. वरच्या गणितानं तो होतो साधारण ३.४ वर्षं. याचा अर्थ नीट लक्षात घे, कारण सुनावणीत हाच मुद्दा तुझ्यापुढे येईल. पर्यावरण अहवालात एक वाक्य असतंच, 'सर्व नमुने विहित मर्यादेत आढळले.' ते वाक्य खरं असेल. पण विहित मर्यादेच्या काठावरची हवा आयुष्यभर घेतली तर माणसामागे सरासरी तीन वर्षांहून जास्त जातात, हेही तितकंच खरं आहे. साहेबांनी 'किती' विचारलं तर हा आकडा दे आणि तो कसा काढला तेही सांग. कायदा मोडला असा आरोप करायची गरजच नाही. कायदा पाळूनही किती जातं, एवढंच सांग.

मात्र सरासरी या गोष्टीनं फसू नकोस. तीन वर्षं म्हणजे गावातल्या प्रत्येकाची शेवटची तीन वर्षं कापली जातात असं नाही. कुणी नव्वदीपर्यंत ठणठणीत राहतं. कुणाला पंचावन्नाव्या वर्षी लकवा मारतो. एखादं सहा महिन्यांचं लेकरू न्यूमोनियानं जातं आणि त्याचं सगळं आयुष्य त्या हिशेबात जातं. महाराष्ट्राचं सरासरी आयुर्मान आता सत्तरीच्या पुढे आहे, पण ज्या घरातला कर्ता माणूस पन्नाशीत धापा टाकायला लागतो त्या घराला ती सरासरी कशी लागू करायची? माझ्या नोकरीच्या काळात आरोग्य उपकेंद्रावर आणि घरभेटींमध्ये मी अशी घरं पुष्कळ पाहिली. धाप लागलेला माणूस आधी नांगर सोडतो, मग विहिरीवर जाणं सोडतो, मग बाजारात जाणं. मरण फार नंतर येतं. त्याआधीची वर्षं तो जिवंत असतो, पण रोजंदारीतून बाद झालेला असतो, आणि आयुर्मानाच्या आकड्यात ही वर्षं जगलेली म्हणूनच धरली जातात.

हे कण करतात तरी काय, ते थोडक्यात सांगते. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढा किंवा त्याहून लहान कण नाकातल्या केसांना आणि घशातल्या कफाला अडत नाही. तो फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोचतो, काही त्यापुढे रक्तात उतरतात. म्हणून प्रदूषणाचे आजार खोकल्यावर थांबत नाहीत. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, सीओपीडी म्हणतात तो श्वासनलिका कायमची अरुंद करणारा आजार, बाळाचं कमी वजन, ही सगळी त्याची कामं. बाहेरच्या दूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये निश्चित कर्करोगकारक ठरवलं. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात भारतात १६.७ लाख मृत्यू घरातल्या आणि बाहेरच्या दूषित हवेमुळे झाले. एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ १८ टक्के.

आता हेच आपल्या मोठीआईच्या बाबतीत बघ. तुला आठवत असेल, शेवटची पाच-सहा वर्षं ती ओसरीवर उशांच्या आधारानं बसूनच झोपायची. आडवं झालं की जीव घुसमटायचा. दवाखान्यात चल म्हटलं की "काही नाही व, म्हातारपणाचा दमा आहे" असं म्हणून टाळायची. लग्न होऊन आल्यापासून तिनं पऱ्हाटी आणि तुराट्यांवर स्वयंपाक केला, खिडकी नसलेल्या सैपाकघरात, पावसाळ्यात ओल्या सरपणावर. ती गेली तेव्हा ग्रामपंचायतीत नोंद करायला मी बरोबर होते. मृत्यूच्या नोंदीचा जो अर्ज असतो त्यात काही रकाने आहेत. मृत व्यक्ती विडी-सिगारेट ओढत होती का, किती वर्षं. तंबाखू खात होती का, किती वर्षं. सुपारी किंवा पानमसाला, किती वर्षं. दारू, किती वर्षं. चारही रकान्यांत 'नाही' लिहिलं गेलं. कारणापुढे लिहिलं गेलं वृद्धापकाळ. चूल किती वर्षं फुंकली, असा रकाना त्या अर्जात नाही. तो असता तर तिच्या नावापुढे पन्नासच्या वरचा आकडा पडला असता.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी इंग्लंडच्या पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच लिहिलं होतं की आयुष्यात कधी विडी-सिगारेट न ओढलेल्यांना होणारी सीओपीडी जगभर फार मोठी आहे आणि चुलीचा धूर हे तिचं प्रमुख कारण असू शकतं. तेव्हा जगात विडी-सिगारेट ओढणारी माणसं सुमारे एक अब्ज होती, आणि सरपणाच्या धुरात राहणारी तीन अब्ज. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानं भारतीय सहकाऱ्यांसोबत गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासातला धूर मोजून प्रसिद्ध केला. म्हणजे ही माहिती चाळीस वर्षांहून जुनी आहे. आपल्या गावात ती पोचली ती गॅसच्या शेगडीच्या रूपानं, २०१६ नंतर, उज्ज्वला योजनेतून. शेगडी आली हे फार चांगलं झालं. पण झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडे कोलामांच्या पोडांवर, त्यांच्या वस्त्यांवर, मी गेले आहे. तिथे सिलेंडर एका कोपऱ्यात आणि चूल पेटलेली, हेच जास्त दिसायचं. सिलेंडर भरायला लागतो तेवढा पैसा एकदम हातात येतो तो कापूस विकल्यावर, आणि पऱ्हाटी तर शेतात फुकट पडलेली असते. आपल्या घरीही आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं ना? सौ.ला विचार, सकाळी धुरात कोण बसतं.

तू म्हणशील, ज्या जिल्ह्यात शेतकरी कर्जानं मरतो तिथे हवेचं काय घेऊन बसलीस. मला हा प्रश्न खोटा वाटत नाही. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं, तेव्हापासून या जिल्ह्याची ओळखच ती झाली. पण त्या मृत्यूंची निदान फाईल होते. तलाठी येतो, पंचनामा होतो, कर्जाचे कागद लागतात, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण पात्र की अपात्र ठरतं, पात्र ठरलं तर घराला एक लाख मिळतात. त्या प्रक्रियेत अन्याय किती होतो हे तुला मी सांगायला नको, तरी मृत्यू झाला हे शासन मान्य करतं. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीचं विष श्वासातून आणि कातडीतून अंगात जाऊन आपल्या जिल्ह्यात वीसवर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयातले वॉर्ड भरले होते, सगळ्या देशाचे पत्रकार आले, विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. तीही हवाच होती, पण काही तासांत माणूस पाडणारी, म्हणून सगळ्यांना दिसली. जी हवा माणूस पाडायला वीस-तीस वर्षं घेते तिचा पंचनामा कुणी करत नाही. मोठीआईसारखी माणसं एकेका घरातून, वेगवेगळ्या वर्षी, वृद्धापकाळ या नावाखाली जातात. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तू सुनावणीत बोलणार म्हणून बरं वाटलं ते यासाठीच.

आता खाणीकडे येऊ. वणी भागात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी किती आहेत हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, घोन्सा. ओबीचे, म्हणजे खणून काढलेल्या माती-दगडाचे डोंगर, ब्लास्टिंग, सायडिंग, दिवसरात्र चालणारे हायवा ट्रक. रस्त्याकडेच्या वावरातला कापूस काळा पडतो आणि जिनिंगवर त्याला भाव कमी मिळतो, ही तक्रार अर्जात लिहिता येते, कारण कापसाचं वजन होतं, प्रतवारी होते. त्याच रस्त्याला लागून असलेल्या अंगणवाडीतल्या पोरांच्या छातीची प्रतवारी कुणी लावत नाही. हे वाक्य तुला वापरायचं असेल तर वापर.

पण एक फरक समजून घे, नाहीतर तुझा मुद्दा पाण्याच्या टँकरवर संपेल. रस्त्यावरून उडणारी, दिसणारी धूळ जाड असते. ती डोळे, नाक, घसा खराब करते, दम्याच्या माणसाला त्रास देते आणि टँकरनं पाणी मारलं की काही वेळ बसते. आयुष्याची वर्षं सर्वांत जास्त घेणारा बारीक कण बहुतेक करून जळण्यातून येतो. डिझेल, आपोआप पेटून धुमसत राहणारे कोळशाचे ढीग, चुनाभट्ट्या, सिमेंटच्या भट्ट्या, वीज केंद्राची धुराडी. धुराड्यातून निघणारा सल्फरचा वायू तर हवेतच बारीक कणांत बदलतो आणि शेकडो किलोमीटर जातो. वणीच्या पूर्वेला चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र आहे, सुमारे २,९०० मेगावॅटचं, आणि वर्धा नदी ओलांडली की घुग्घुस. हिवाळ्यात आपल्याकडे वारा ईशान्येकडून-पूर्वेकडून येतो, थंड हवा जमिनीलगत दबून बसते आणि सगळं खालीच कोंडतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी जे धुकं वाटतं त्यात धूर किती असतो हे नाकाला कळतं. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातली औद्योगिक क्षेत्रं तपासली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं अतिप्रदूषित ठरलं. त्या क्षेत्रात घुग्घुस आलं, नदीअलीकडची आपली गावं आली नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली चंद्रपूर, नागपूर, अमरावती, अकोला अशी शहरं आहेत. यवतमाळ नाही, वणी नाही. वीज केंद्रांनी सल्फर रोखणारी यंत्रं बसवावीत असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला, दोन वर्षांची मुदत होती, ती पुढे पुढे ढकलली गेली आणि २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. वारा मात्र जिल्ह्याच्या यादीप्रमाणे वाहत नाही.

यवतमाळची हवा कशी हे मोजायला यंत्रंच पुरेशी नाहीत, मग वर्षं गेली हे कशावरून, असंही कुणी विचारेल. त्याला सांग की १९९८ पासूनच्या उपग्रहांच्या नोंदींवरून आता देशातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या बारीक कणांचा वार्षिक अंदाज काढता येतो, आणि शिकागोचं गणित त्यावरच चालतं. सह्याद्रीकडून पूर्वेला विदर्भाकडे यावं तशी हवा जड होत जाते, हे त्या नकाशावर दिसतं. पण उपग्रहाचा अंदाज जिल्ह्याला पुरतो. तुझ्या गावच्या शाळेसमोरची हवा मोजायला यंत्र शाळेसमोरच बसवावं लागेल.

तुला एक गोष्ट मोठी बहीण म्हणून सांगते. सुनावणीत बोलायच्या आधी वावरातली पऱ्हाटी पेटवणं बंद कर. मला कळतं, गुलाबी बोंडअळी आल्यापासून फरदड ठेवू नका, पऱ्हाट्या वेळेवर काढा असं कृषी खातंच सांगतं, आणि काढलेला ढीग हटवायला काडीपेटी सर्वांत स्वस्त. पण तोच धूर संध्याकाळी गावावर बसतो. रोटाव्हेटरनं बारीक करून मातीत घालता येते, श्रेडर गावात भाड्यानं आणता येतो. मुंबईची कापूस तंत्रज्ञान संस्था, सिरकॉट, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि जळणाच्या कांड्या करण्यावर कित्येक वर्षं काम करते आहे, तिचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र नागपूरलाच आहे. पाच-सहा गावांची पऱ्हाटी एकत्र झाली तर विकताही येईल. जिनिंगमध्ये हंगामाला जाणाऱ्या आपल्या पोरांनाही सांग, नाकाला फडकं बांधून रेच्यावर उभं राहिलं तरी रुईची बारीक धूळ आत जातेच. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर छाती आवळल्यासारखी वाटली तर ती थकव्याची गोष्ट नाही. कापसाच्या धुळीचा तो ओळखीचा आजार आहे, बिसिनोसिस, आणि सुरुवातीला धुळीतून बाहेर काढलं तर माणूस सावरतो.

आता प्रत्यक्ष सुनावणी. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीनं अपर जिल्हादंडाधिकाऱ्याहून खालचा नसलेला अधिकारी. किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला ठेवलेला असतो, त्याचा सारांश मराठीत मिळतो. आधी तो वाच. हवेचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले ते शोध. असे अहवाल बहुधा एका हंगामाच्या, तीन महिन्यांच्या मोजणीवर होतात. ती मोजणी मार्च ते मे असेल तर विचार, डिसेंबर-जानेवारीत का नाही? यंत्र कुठे ठेवलं होतं, वाऱ्याच्या दिशेला की उलट बाजूला, तेही विचार. मग सांग की आम्हाला पीएम २.५ ची वर्षभर मोजणी हवी, शाळेजवळ, आणि आकडा गावात फलकावर रोज दिसायला हवा. कोळसा नेण्यासाठी गावाबाहेरून वेगळा रस्ता किंवा सरकता पट्टा हवा. आणि खाण वाढण्याआधी आमच्या गावातल्या प्रत्येक माणसाची फुप्फुसाची तपासणी हवी, नळीत फुंकायची साधी चाचणी असते ती. ती दर वर्षी व्हावी, म्हणजे दहा वर्षांनी कुणी 'वृद्धापकाळ' लिहायला निघालं तर आपल्या हातात कागद असेल. पैसे कुठून, असं म्हणाले तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचं नाव घे. २०१५ पासून खाणींकडून मिळणारा तो निधी खाणबाधित गावांसाठीच आहे, आणि आरोग्य, पर्यावरण हे त्याच्या प्राधान्याच्या खर्चात येतात. सिलेंडर भरायला बाधित गावांतल्या बायकांना त्यातून मदत मागायलाही हरकत नाही. ही मागणी सौ.नं किंवा गावातल्या दुसऱ्या बाईनं उठून केली तर जास्त बरं.

बोलताना रागावू नकोस, घाईही करू नकोस. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तोवर गावातल्या कुणीही उठून जायचं नाही. तुझं म्हणणं त्यात जसंच्या तसं आलं नसेल तर तिथेच उभं राहून सांग. आणि जे बोलणार ते सगळं आधी लिहून दोन प्रती कर. एक त्यांना दे, दुसरीवर सही, तारीख आणि शिक्क्यानिशी पोच घे. मी आदल्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं येते.

तुझी,
ताई